गुरुवारच्या बैठकीचा धर्म कोणता

आमच्या गुरुवारच्या बैठकीला धर्म म्हणायचं की नाही, हे ठरवायला शिरूरच्या चर्चच्या हॉलमध्ये सात माणसं बसली होती. त्यातल्या एकानंही ती बैठक कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. मी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, तिचे सगळे कागद माझ्या अक्षरात होते. त्यामुळं ही हकिकत सांगायचा हक्क त्या सातांपेक्षा माझा जास्त आहे, आणि कुणाला मिरच्या झोंबल्या तर झोंबू देत.

आम्ही मराठी ख्रिस्ती, शिरूरचे, मिशनच्या काळापासून तिथलेच. बाबा शाळामास्तर होते, आई दवाखान्यात नर्स. मी त्यांची एकुलती एक. नव्वदच्या दशकात मी नुकती केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते, तेव्हा बाबा गेले. सकाळी सायकल पुसत बसले होते आणि दुपारी नव्हते. त्यांना चर्चच्या कबरस्थानात पुरलं. आमच्यात रीत अशी की नवरा-बायकोतलं एक गेलं की शेजारची जागा दुसऱ्यासाठी मोकळी ठेवतात. त्याचा कुठं कागद नसतो, पण ती जागा कुणी मोडत नाही. आईनं तिथं स्वतःच्या हातानं दगडांची ओळ मांडली आणि मला म्हणाली, "एवढी माझी. ध्यानात ठेव." पुढं जे भांडण झालं ते तेवढ्या जागेचं.

बाबा गेल्यावर तीन दिवस चर्चची मंडळी घरी आली. गाणी म्हटली, प्रार्थना केली, आमच्यासाठी डबे आणले. चौथ्या दिवशी जो तो आपापल्या कामाला लागला. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण आईचा नवरा चौथ्या दिवशीही मेलेलाच होता, आणि त्याचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती बोलायची, हसायची, पण बाबांचा विषय निघाला की उठून भांडी घासायला जायची, घासलेली असली तरी.

वर्षभरानं मला कुरकुंभला एमआयडीसीत नोकरी लागली, एका औषधाच्या कंपनीच्या लॅबमध्ये. आई रिटायर झालेलीच होती. शिरूरचं घर विकून आम्ही दौंडला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घरमालक म्हणजे रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. बायको वारलेली, मुलगा लांब कुठंतरी. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची. त्यांच्या पुढच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता बैठक बसायची.

बैठक म्हणजे काय, तर एक पाट. त्यावर लॉऱ्या रंगवणाऱ्या पेंटरकडून ऑइलपेंटनं गोलाकार अक्षरं काढून घेतलेली, वर एका बाजूला "होय", दुसऱ्या बाजूला "नाही". मधोमध पालथी घातलेली स्टीलची वाटी. वाटीवर प्रत्येकानं एक बोट ठेवायचं, आपल्या माणसाला बोलवायचं आणि वाटी कुठल्या अक्षरावर जाते ते बघायचं. आबांची बायको यायची. दुसरे होते बाजारातले टेलरमामा. त्यांची लेक एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली होती. ते दुपार कलल्यावरची असरची नमाज पढून यायचे आणि सूर्य मावळताना मगरिबच्या नमाजला उठून जायचे, म्हणून बैठकीची वेळ पाचची. आबा म्हणायचे, "मेलेल्यांना घाई नसती, पन टेलरला असती."

आईला त्यांनीच बोलावलं. "सिस्टर, बसा की. नवऱ्याला काय इचारायचं असंल तर इचारा, लाजता कशाला?" आई भिडेखातर गेली. तासाभरानं परत आली, चुलीवर नव्हे गॅसवरच पण चांगल्या फुगलेल्या भाकऱ्या भाजल्या आणि दोन खाल्ल्या. बाबा गेल्यापासून ती अर्धी खात होती. मी विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "सायकलला गंज चढलाय म्हणाले." मी जाऊन बघितली. चढला होता. आता शिरूरहून टेम्पोत उघडी आणलेली सायकल, तिला गंज चढणारच, त्यात काय नवल. पण दुसऱ्या दिवशी मी तिला तेल लावलं.

माझा विश्वास नव्हता. आजही नाही. वाटी कोण हलवतं हे मला पहिल्याच गुरुवारी कळलं. ज्याला सगळ्यात जास्त ऐकायचं असतं त्याचं बोट ती हलवतं, आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. एकदा मात्र मी जाणूनबुजून हलवली. आईनं बाबांना विचारलं होतं, घर विकलं म्हणून रागावलात का? वाटी मध्येच अडखळली. टेलरमामा आईकडं बघायला लागले. मग मी माझ्या बोटानं ती सरळ "नाही" वर नेऊन ठेवली. आईनं डोळ्याला पदर लावला आणि मला अजिबात लाज वाटली नाही.

तर अशी ही तीन म्हाताऱ्या माणसांची बैठक. तिला धर्म केलं कुणी? मी केलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

आबांना गार्डाच्या नोकरीतली सवय होती. गाडी किती वाजता सुटली, कुठं थांबली, का थांबली, सगळं लिहायचं. बैठकीचंही त्यांना तसंच पाहिजे होतं, आणि त्यांचा हात कापायचा म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. "आत्मा आला ५.२०. गेला ५.४५. उशिराचं कारण : बाहेर कुत्री भुंकत होती." आमच्या लॅबमध्येही तोच कायदा, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. म्हणजे बघा, एक रेल्वेचं आणि एक फार्माचं, दोन कागदवेडी माणसं एका वाटीच्या मागं लागली.

पुढं आबांच्या घरासमोर वेल्डिंगचं दुकान आलं. पाच वाजता तिथं असला आवाज सुरू व्हायचा की मेलेला काय, जिवंत माणूससुद्धा पळून जावा. आबांनी एका सार्वजनिक हॉलमधली लहान खोली गुरुवारपुरती मागितली. तिथल्या बाबूनं सांगितलं की खोली संस्थेला मिळते, माणसाला नाही. मग काय, मी कंपनीत बसून जेवणाच्या सुट्टीत संस्था तयार केली. अध्यक्ष आबा. उपाध्यक्ष आई. सचिव टेलरमामा, ज्यांना मराठीत सहीपुरतंच लिहिता यायचं. नियम सात. वार ठरलेला, वेळ ठरलेली, सुरुवातीला ज्यानं त्यानं आपल्या देवाची प्रार्थना करायची, हजेरी लागेल. "उद्देश" असा एक रकाना होता. तिथं मी जरा वजनदार काहीतरी पाहिजे म्हणून लिहिलं : आत्मिक धर्माची उपासना व प्रसार. प्रसार कुणी करणार होतं? टेलरमामांना गुडघेदुखीमुळं जिना चढवत नव्हता. आईनं पेशंटच्या चार्टवर करतात तशी न वाचता सही केली. खोली मिळाली आणि त्या कागदाची प्रत रीतीप्रमाणं हॉलच्या बोर्डावर लागली.

आमच्या मंडळीतल्या कुणीतरी ती तिथं वाचली. महिन्याभरात शिरूरहून चर्चकमिटीचं पत्र आलं. आई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एसटीनं शिरूरला प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, जायची, तिनं तिचं सभासदत्व दौंडला हलवलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं की आपण दुसऱ्या धर्मसंस्थेच्या पदाधिकारी असल्याचं समजलं आहे, तरी सभासदत्व आणि कबरस्थानातला हक्क यांबद्दल खुलासा करण्यास हजर राहावं. आईनं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं आणि म्हणाली, "उपाध्यक्ष म्हणजे मी?"

मी तडक आबांकडं गेले. म्हटलं, आबा, एक कागद लिहून द्या. ही संस्था धर्म नाही, उद्देश चुकून लिहिला गेला, एवढंच. मला वाटलं, लगेच देतील. ते उठले आणि ट्रंकेतून पुण्याहून आणलेली दोन-तीन जुनी पुस्तकं काढली.

"पोरी, तिकडं विलायतेत याची चर्चं हायेत," ते म्हणाले. "बाकडी, गाणी, रविवारची सभा. मेलेल्यांशी बोलत्यात आन् त्याला धर्मच म्हंत्यात. सरकार मानतंय त्यांना. मग आमचा का न्हाई? तू लिव्हलंस ते चुकून न्हाई लिव्हलं, बरूबर लिव्हलं. माझी बायको गेली तवा देव न्हाई आला बोलायला. ही वाटी आली. जे आपल्याला उभं करतं त्यालाच धर्म म्हंत्यात ना? मग मी माझ्या धर्माला न्हाई कसं म्हनू?"

टेलरमामा तिथंच बसले होते. ते म्हणाले, "आबा, तुमचं तुमच्यापाशी. माझा धर्म मशिदीत आहे. इथं मी फक्त बेटीला भेटायला येतो. बेटीला भेटायला धर्म लागतो का?"

दोघं वाद घालत बसले आणि मी रिकाम्या हातानं परत आले. एकाच वाटीवर बोट ठेवणाऱ्या दोघांचं एकमत नव्हतं, आणि शिरूरची सात माणसं एका रविवारी निकाल लावणार होती. माझं डोकं नुसतं तापलं होतं.

त्या रविवारी सकाळी आम्ही स्टँडवर गेलो तर आबा आधीच येऊन उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. "मी पन येतो," म्हणाले. का, ते सांगितलं नाही. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

उपासना झाल्यावर हॉलमध्ये कमिटी बसली. सेक्रेटरी रिटायर्ड हेडमास्तर, बाबांच्याच शाळेतले. बाबांच्या पेटीला त्यांनी खांदा दिला होता. चर्चचे पाळकसाहेब नवीन, तरुण, सगळ्यांच्या तोंडाकडं बघणारे. सेक्रेटरींनी माझ्या अक्षरातल्या त्या अर्जाची प्रत समोर धरली.

"बाई, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे," ते आईला म्हणाले. "पण अध्यक्ष आहे, उपाध्यक्ष आहे, नियम आहेत, ठरलेला वार आहे, प्रार्थना आहे, वर उपासना आणि प्रसार असं लिहिलेलं आहे. धर्माला अजून काय लागतं?"

मला बोलायला सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले. "कबरस्थान लागतं, सर," मी म्हणाले. "आमच्या बैठकीत कुणाचा बाप्तिस्मा होत नाही, कुणाचं लग्न लागत नाही. कुणी मेलं तर पुरायला वीतभर जमीन नाही. टेलरमामा त्यांच्या कब्रस्तानात जातील, हे आबा भीमेच्या काठावर, आणि आई इथं. धर्म जन्मल्यावर नाव लिहून घेतो आणि मेल्यावर जागा देतो. आमच्याकडं द्यायला एक वाटी आहे. वार आणि नियम असले की धर्म होत असेल, तर आमच्या कंपनीच्या कँटीनलाही म्हणा. तिथं नियम याहून जास्त आहेत."

कोपऱ्यातलं कुणीतरी हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत. "मग हे लिहिलं कुणी?"

"मी."

"कशासाठी?"

"खोली पाहिजे होती."

आता मात्र तिघं-चौघं हसले. तेवढ्यात आबा उठले. दोन्ही हात पाठीमागं बांधून, साहेबापुढं उभं राहावं तसे उभे राहिले. म्हणाले, "मी अध्यक्ष हाय. धर्मबिर्म काई न्हाई साहेब. म्हाताऱ्या मान्सांचा टाइमपास हाय. वाटी आमची आमीच ढकलतो. आत्माबित्मा काई येत न्हाई." त्यांची मान लालबुंद झाली होती. जो माणूस मला एक ओळ लिहून द्यायला तयार नव्हता, तो आईच्या जागेसाठी सात परक्यांपुढं स्वतःच्या बायकोला नाही म्हणत होता. मला त्यांच्याकडं बघवेना.

कमिटीला हायसं वाटलं. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे करमणूक, असं लिहू या," म्हणाले. झालं होतं सगळं. मी मनात देवाचे आभार मानायला लागले होते.

"आबा, खाली बसा," आई म्हणाली. "खोटं बोलू नका."

मग ती कमिटीकडं वळली. तिचा आवाज वॉर्डात नातेवाइकांना समजावून सांगायची तेव्हाचा होता, शांत पण हलू न देणारा. "करमणूक लिहू नका. मी जन्मभर नर्स होते. माणूस मरताना तुम्ही सगळ्यांनी मिळून बघितलं नसेल तेवढं मी एकटीनं बघितलंय. किती जणांचे डोळे मी मिटलेत. मला करमणूक कळते आणि हेही कळतं. माझा नवरा तिथं येतो. मी विचारते, तो सांगतो. प्रभू कबरेतून उठला असं आपण दर रविवारी उभं राहून म्हणतो. त्याच तोंडानं मला सांगता का, की मेलेलं माणूस बोलत नाही?"

"मेलेल्यांना बोलतं करायला शास्त्रात मनाई आहे, बाई," सेक्रेटरी म्हणाले.

"असेल. मग मला पापी म्हणा. पापी म्हणून ठेवा, इथं सगळे पापीच बसलेत. पण धर्म बदलला म्हणू नका. मी याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, इथंच माझं लग्न झालं, इथंच त्याला पुरलं. मी कुठं गेले नाही."

 शेवटी पाळकसाहेबांनी त्यांच्या परीनं वाट काढली. एक कागद घेऊन लिहिलं, मी अन्य धर्माचा त्याग करून मंडळीत परत येत आहे. आईपुढं ठेवला. आईनं वाचला. या वेळी वाचला. "गेलेच नाही तर परत कशी येऊ?" म्हणाली आणि पेन कागदावर आडवं ठेवून दिलं. जागेचा निर्णय राखून ठेवला असं लिहून सभा संपली.

परतीच्या गाडीत न्हावरं आलं तसे आबा आईकडं वळले. मग म्हणाले, "सिस्टर, मी माझं समदं नाकारलं तुमच्यासाठी, आन् तुमी मला चारचौघांत खोटारडा पाडलं."

"तुम्ही कुणासाठी केलंत ते कळलं मला," आई म्हणाली. "पण तुमचं खरं तुम्ही टाकायचं आणि त्यावर मी माझी जागा मिळवायची, असली जागा नको मला." आबांनी मान हलवली. चौफुल्याला गाडी थांबली तेव्हा उतरून तिघांसाठी चहा घेऊन आले.

घरी आल्यावर मी आईशी भांडले. असं भांडले की घरमालकाच्या भिंतीला ऐकू गेलं असणार. एक सही करायला काय जात होतं तुझं? म्हातारचळ लागलाय का? ती कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "माझ्या जागेसाठी तू एवढी का जिवावर उदार झालीस?"

"कारण ते येत नाहीत," मी म्हणाले. इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं, निघालं तोंडातून. "तुझ्यासाठी बाबा दर गुरुवारी येतात. माझ्यासाठी ते फक्त तिथं आहेत, त्या मुरुमात. मला तुम्हा दोघांची दुसरी काही जागाच नाही."

आईनं हात थांबवले. "आणि मग वाटी ढकललीस ती?"

तिला माहीत होतं. मला जमिनीनं गिळावं असं झालं. ती रागावली नाही. "बोट तुझं होतं," म्हणाली. "बोलणं त्याचंच होतं. तोही नाहीच म्हणाला असता." मग पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "माझ्या मागं कुणाला काही लिहून देऊ नकोस. कुठं का पुरेनात. त्याला शिरूरहून दौंड सापडलं, तिथल्या तिथं मी सापडेन." मी शब्द दिला. मनातून नाही दिला, पण दिला.

त्यानंतर चार-पाच वर्षं ती दोन्हीकडं जात राहिली. गुरुवारी बैठक, पहिल्या रविवारी शिरूर. प्रभुभोजनाची थाळी कुणी तिच्यापासून अडवली नाही, हे सांगितलं पाहिजे. राखून ठेवलेला निर्णय मात्र कुणी सोडवला नाही. मग एका सकाळी दौंडच्या दवाखान्यात ती गेली. छातीत पाणी झालं होतं. शेवटपर्यंत तिथल्या नर्सला सलाईन नीट लाव म्हणून सांगत होती.

गाडी करून तिला शिरूरला नेलं. मागच्या गाडीत आबा आणि टेलरमामा. कबरस्थानाच्या फाटकाशी पाळकसाहेब उभे होते. हातात कागद. माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, मी कमिटीशी खूप बोललो. मुलीनं लिहून दिलं तरी चालेल म्हणतात. शेवटी आईनं ते सोडलं होतं, एवढं. एकच ओळ. मग शेजारची जागा."

फाटकातून बाबांची कबर दिसत होती. शेजारी दगडांची ओळ तशीच. मी पेन हातात घेतलं. खोटं बोलायचं मला काही वावडं नव्हतं, वाटी मीच ढकलली होती. आणि ती जागा मला हवी होती. आईला नको होती तेवढी मला हवी होती. सही केली असती तर कुणाला कळणार होतं? आबांनी तर मान फिरवून घेतली होती, म्हणजे मला मोकळीक मिळावी. पण त्या ओळीत आईनं सोडलं असं लिहिलं होतं. तिनं काही सोडलं नव्हतं. ना मंडळीला, ना आबा-टेलरमामांना, ना बाबांना. मेल्यावर तिच्या तोंडून ते वदवून घ्यायला मला बोलावलं होतं, आणि असल्या कामाला शास्त्रात मनाई आहे असं त्यांचे सेक्रेटरीच म्हणाले होते.

मी पेन परत दिलं. "दुसरीकडं कुठं खणायचं ते दाखवा," म्हणाले.

लिंबाच्या पलीकडं, कंपाउंडच्या भिंतीला लागून खणलं. पाळकसाहेबांनी विधी पूर्ण केला, एक ओळ गाळली नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आबांनी माती टाकली. टेलरमामांनी तीन मुठी टाकल्या आणि पुटपुटले. नंतर मी खूप रडले, आईसाठी कमी आणि त्या जागेसाठी जास्त. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं.

आता कधीकधी कुणी मला विचारतं की तुमच्या आईची ती बैठक म्हणजे नक्की धर्म होता की नाही. विचारणारे शिकलेले असतात, वही घेऊन येतात. मी म्हणते, मला नाही माहीत आणि मला जाणूनही घ्यायचं नाही. आबांसाठी होता, टेलरमामांसाठी नव्हता, आईला तो प्रश्नच पडला नाही. तो प्रश्न ज्यांच्या हातात फाटकाची किल्ली होती त्यांनाच पडला होता.

आमच्याकडं ईस्टरला सूर्य उगवायच्या सुमाराला सगळी मंडळी कबरस्थानात जमते. आदल्या दिवशी कबरींना चुना दिलेला असतो, फुलं आणि मेणबत्त्या असतात. गाणं झालं की जो तो आपल्या माणसापाशी जातो. आई गेल्यानंतरच्या ईस्टरला मी गेले. आजूबाजूला सगळे आपापल्या कबरींशी हळू आवाजात बोलत होते. एक म्हातारी नवऱ्याला सांगत होती की धाकट्याचं जमलं एकदाचं. सेक्रेटरी त्यांच्या बायकोच्या कबरीपाशी वाकून काहीतरी म्हणत होते, ‘अगं’ एवढंच मला ऐकू आलं.

मी बाबांपाशी उभी होते. मी आजवर त्यांच्या कबरीशी कधी एक शब्द बोलले नव्हते, कारण तिथं ऐकायला कुणी नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी बोलले. हळू नाही, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. माना वळल्या, सेक्रेटरींनीही वर बघितलं.

"बाबा, आईला इथं येऊ दिलं नाही," मी म्हणाले. "ती लिंबाच्या पलीकडं आहे, भिंतीपाशी. तुम्हालाच जावं लागेल."